ओठांचा चंबू: इंदुरातल्या मराठी घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी रामबागेत मी मुलांना मराठी बोलायला-वाचायला शिकवते, वर्षातून एकदा त्यांचं छोटं नाटकही बसवतो. पालक उच्चारांबद्दल जे विचारतात त्यातले बरेचसे प्रश्न फिरून फिरून ओठांवरच येतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. वाचताना हातात छोटा आरसा घ्या, खरंच घ्या, कारण हे नुसतं वाचून कळत नाही, बघून कळतं.

ओठांचा चंबू म्हणजे उच्चारात नेमकं काय होतं?

आरशासमोर "ई" म्हणा, ओठ बाजूला ताणले जातात, फोटो काढताना "चीज" म्हणायला लावतात ना तसे. आता "ऊ" म्हणा, ओठ गोळा होऊन पुढे येतात आणि मधे जेमतेम एक छोटं भोक उरतं. हाच चंबू. पुस्तकात अशा स्वरांना गोलित म्हणतात, ओठ गोल होत नाहीत ते अगोलित. मराठीत उ, ऊ, ओ हे गोलित, औ चा शेवट गोलित, आणि इंग्रजी शब्दांबरोबर आलेला ऑ पण गोलित. इ, ई, ए, अ, आ, ॲ यांत ओठ गोल होत नाहीत.

गोल म्हणजे सगळे सारखेच गोल असं मात्र नाही. ऊ ला सगळ्यात आवळलेले, ओ ला थोडे सैल, ऑ ला तोंड बरंच उघडं आणि ओठांना नुसता गोल आकार. ऊ, ओ, ऑ असं सावकाश एका दमात म्हणून बघा, भोक मोठं मोठं होत जातं. ("ओठ" या शब्दाची सुरुवातच ओठ गोल करून होते, हे मुलांना सांगितलं की ती लगेच आरसा मागतात.)

इंदूर, इंदौर की इंदोर? बरोबर कुठलं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझा सगळ्यात आवडता, कारण आपल्या शहराच्या नावातच पूर्ण धडा आहे. मराठीत इंदूर, म्हणजे ऊ, ओठ अगदी आवळलेले. शुद्ध हिंदीत, बातम्यांत वगैरे, इंदौर, आणि हिंदीतला औ हा ऑ च्या जवळचा एकच लांब स्वर आहे, ओठ सैल, तोंड उघडं. आणि बाजारात, रिक्षात, सराफ्यात भिया लोक (एकमेकांना भिया, म्हणजे भैया, म्हणणारे इंदुरी) म्हणतात तो इंदोर, स्वच्छ ओ, दोघांच्या मधला. एकच शहर आणि चंबूचे तीन आकार! तिन्ही आपापल्या बोलीत बरोबरच आहेत. मुलाने मराठी वाक्यात इंदूर म्हणावं आणि हिंदी वाक्यात इंदौर, एवढं जमलं की मला आनंद होतो, कारण मग तो दोन भाषा दोन भाषा म्हणून बोलतोय, खिचडी करत नाहीये.

पण नुसते ओठ गोल केले तर आवाज का बदलतो? आवाज तर घशातून येतो ना?

घशातून येतो तो कच्चा आवाज, त्याला स्वराचं रूप देतं तोंड. घशापासून ओठांपर्यंतची जागा ही एक नळी समजा. जीभ त्या नळीचा आतला आकार बदलते, आणि ओठ पुढे आले की नळी लांब होते आणि तिचं तोंडही अरुंद होतं. लांब बासरी छोट्या बासरीपेक्षा खाली वाजते, तसंच इथे होतं, नळीत घुमणाऱ्या लहरी खालच्या पट्टीत उतरतात. म्हणून ऊ जाड आणि खोल वाटतो नि ई बारीक चिरका वाटतो, तुम्ही दोन्ही एकाच सुरात गायलात तरी.

ऐकायचं असेल तर कुजबुजून बघा. आवाज न काढता नुसती हवा सोडत ई, मग ऊ म्हणा. कुजबुजताना गळ्यातला सूर नसतोच, तरी दुसरा स्पष्टपणे खालचा ऐकू येतो. "शी" आणि "शू" पण असंच कुजबुजून बघा.

जीभ मागे ज्या स्वरांत जाते (उ, ओ) त्यातच बहुतेक भाषा ओठ गोल करतात त्याचंही कारण हेच आहे. जीभ मागे गेली की आवाज खाली जातो, ओठांनी तो अजून खाली नेला की ई आणि ऊ एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब जातात, आणि गर्दीत, गोंगाटातसुद्धा ऐकणाऱ्याची गल्लत होत नाही.

शाळेत मुलीचं नाव "अम्रिता" म्हणतात, घरी आम्ही "अम्रुता". कोण चुकतंय?

कोणीच नाही, पण हा फरक संपूर्ण ओठांचा आहे. मराठीत ऋ चा उच्चार रु, ओठ गोल. हिंदीत रि, ओठ ताणलेले. कृष्ण, अमृत, ऋतू, पृथ्वी, वृक्ष, गृह, सगळीकडे हेच. गुजरातीतही आपल्यासारखा रु आहे, त्यामुळे बडोद्याच्या नातेवाइकांना हा प्रश्नच पडत नाही, तो आपल्याला पडतो कारण आपण हिंदीच्या मधोमध राहतो.

मूळ संस्कृतात ऋ हा ना रि होता ना रु. व्याकरणकारांनी त्याचं स्थान मूर्धा सांगितलंय, म्हणजे टाळूचा वरचा भाग, ट-ठ-ड च्या पंगतीत, आणि तो स्वतःच एक स्वर होता, र सारखा घोळणारा. ओठांचा तिथे काही संबंध नाही. तो स्वर बोलण्यातून गेला आणि प्रत्येक भाषेने त्याच्या मागे आपल्या सोयीचा स्वर लावला, कोणी इ, कोणी उ.

भांडण होतं ते स्पेलिंगवर. आय लिहायचा की यू? एका घरात तर जन्मदाखल्यावर यू आणि शाळेच्या रेकॉर्डमध्ये आय झालं आणि नंतर वडिलांना कागद घेऊन किती चकरा माराव्या लागल्या त्याला हिशेब नाही. मी सांगते की देवनागरीत ऋ एकच आहे, इंग्रजीत जे पहिल्या कागदावर लिहिलंय तेच शेवटपर्यंत ठेवा, आणि घरी मात्र बाळाला अम्रुता म्हणूनच हाक मारा. हाक ऐकूनच मूल उच्चार शिकतं.

माझा मुलगा "गौरी" म्हणताना "गोरी" म्हणतो. हे कसं सुधारायचं?

इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण आपल्या मुलांच्या मराठीत हे सगळ्यात जास्त निसटतं.

मराठीतला औ हा चालता स्वर आहे. सुरुवात अ वर, ओठ मोकळे, आणि मग ओठ गोल होत उ वर पोचायचं. अ-उ. गौरी, मौज, औषध, हौद, चौक. आरशात बघितलं तर ओठ हलताना दिसले पाहिजेत. जुन्या व्याकरणात ओ आणि औ दोघांनाही कंठोष्ठ्य म्हणतात, कंठ अ चा आणि ओठ उ चे, आणि औ च्या बाबतीत ते आजही आपल्या डोळ्यांना दिसतं.

हिंदीत औ चालत नाही, एका जागी उभा राहतो, ऑ सारखा. आणि माळव्यात, म्हणजे आपल्या इंदूरच्या भागात, तो सरळ ओ होतो, और चं ओर, कौन चं कोन, दौड़ चं दोड़. (तसंच ऐ चं ए, है चं हे, पैसा चं पेसा, पण त्यात ओठ गोल होत नाहीत म्हणून ते इथे सोडते.) दिवसभर मित्रांत ओर-कोन ऐकणारं मूल घरी येऊन गौरीला गोरी म्हणणारच, त्याच्या कानाला औ आणि ओ हे एकच वाटतात. त्याला रागावून उपयोग नाही, त्याला तो फरक आधी ऐकू यायला हवा.

मी काय करते, शब्द तोडते. ग, मग ऊ, मग री. ग-ऊ-री. आधी सावकाश, ओठांवर बोट ठेवून, म्हणजे ओठ पुढे आले की बोटाला कळतं. मग वेग वाढवत न्यायचा, तीन-चार वेळा म्हटलं की गौरी आपोआप जुळतं. नंतर अर्थ बदलणाऱ्या जोड्या घ्यायच्या. गौरी आल्या आणि गोरी आली, हे दोन वेगळे निरोप आहेत. मौज आणि मोज, एक मजा आणि दुसरी आज्ञा, पैसे मोज. खेळ असा खेळायचा की मी म्हणणार नि मूल ओळखणार, मग मूल म्हणणार नि मी डोळे मिटून ओळखणार. ज्या दिवशी मी दहापैकी दहा ओळखते त्या दिवशी त्याचा औ पक्का झाला. गौरी-गणपतीच्या आधीचा महिना यासाठी सगळ्यात चांगला, शब्द घरात सारखा कानावर पडत असतो.

"डाक्टर", "कालेज", "काफी" हे गावंढळ आहे का?

नाही, आणि हा शब्द मुलांसमोर वापरू नका अशी विनंती आहे. इथल्या जुन्या हिंदीत इंग्रजी ऑ च्या जागी आ घेतला गेला एवढंच. अमेरिकेत बरीच माणसं हॉट, डॉक्टर यातला स्वर ओठ गोल न करता आ च्या जवळचाच म्हणतात, ब्रिटिश लोक ओठ गोल करतात. म्हणजे डाक्टर म्हणणारे आजोबा अर्ध्या अमेरिकेबरोबर आहेत.

मराठीत मात्र आपण ऑ ठेवलाय आणि त्याला वेगळं चिन्हही दिलंय, कारण अर्थ बदलतो. काल आणि कॉल. माल आणि मॉल. हाल आणि हॉल. बाल आणि बॉल. "काल कॉल केला होता, तू मॉलमध्ये होतास" हे वाक्य आरशासमोर म्हणा, काल ला ओठ मोकळे, कॉल ला गोल.

इंग्रजीत व चे दोन उच्चार असतात म्हणतात, ते आम्हाला कळतच नाहीत.

कळत नाहीत कारण आपला व दोघांच्या मधे बसतो. आपल्या व ला खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ जातो, हलकेच, घासत नाही, आणि ओठ गोलही होत नाहीत. संस्कृत व्याकरणातही व चं स्थान दंतोष्ठ सांगितलंय. इंग्रजीत व्हॅन मधला जो आहे त्यात ओठ दातांवर टेकून हवा घासत बाहेर जाते. आणि वॉटर, वाइन मधल्यात दातांचं कामच नाही, ओठांचा पूर्ण चंबू होतो आणि मग तो झटकन उघडतो.

दुसऱ्यासाठी युक्ती सोपी आहे, आधी उ म्हणा. उ-ऑटर, उ-आइन, आणि मग उ आखूड करत न्या. उ चा व होणं आपल्याला नवीन नाहीच, सु अधिक आगत म्हणजे स्वागत हा संधी आपण शाळेत शिकलोय, तिथे उ पटकन म्हटला की व होतो. तोच रस्ता.

आणि एक, व्हाय, व्हॉट, व्हाइट असं आपण लिहितो ते स्पेलिंगमध्ये एच दिसतो म्हणून. उच्चारात तिथे व्हॅन वाला व्ह नाही, बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांचा तिथे चंबूवालाच व असतो.

चमचा, चूल यातला च मुलांना येत नाही, तोही ओठांमुळे का?

नाही, तो जिभेचा. जिभेचं टोक दातांच्या मागे लावायचं, ओठांना काही करायचं नाही. हिंदीत तो च नाही म्हणून येत नाही. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

मुलगी "कुत्रा" म्हणायच्या आधीच ओठ गोल करते, ही काही अडचण आहे का?

अजिबात नाही, सगळेच करतात! की आणि कू म्हणायच्या तयारीत थांबा, आवाज काढू नका, नुसतं आरशात बघा. क अजून म्हटलेलाही नाही आणि ओठ पुढच्या स्वरासाठी तयार. सी आणि सू चंही तसंच, सूप मधला स सीता मधल्या स पेक्षा खालच्या पट्टीत सळसळतो, कारण ओठ आधीच पुढे आलेत. बोलणं म्हणजे अक्षरं एकामागोमाग ठेवलेली नसतात, एक दुसऱ्यात मिसळत चालतं. म्हणूनच फार तोडून तोडून शिकवलेला उच्चार कृत्रिम वाटतो. तोडणं फक्त सुरुवातीला, नंतर लगेच वाक्यात घाला.

मुलगा जर्मन शिकतोय, त्यात दोन टिंबं असलेली अक्षरं आहेत, ती कशी म्हणायची?

जीभ ई ची ठेवा आणि ओठ ऊ चे करा. झालं. ई म्हणत राहा, म्हणत राहा, जीभ तसूभर हलवू नका आणि फक्त ओठांचा चंबू करा, जो विचित्र आवाज येईल तोच यू वर दोन टिंबं असलेला स्वर. ए म्हणत असंच केलं की ओ वर दोन टिंबं असलेला. फ्रेंचमध्येही हे दोन्ही आहेत. आपल्याकडे जीभ पुढे असताना ओठ गोल कधी होतच नाहीत म्हणून सुरुवातीला तोंड ऐकत नाही, आणि मग मुलं "यू" म्हणून सोडून देतात. गटे या जर्मन कवीचं नाव मराठीत गटे, ग्योटे, गोएथे असं नाना प्रकारे लिहिलं जातं ते त्या दुसऱ्या स्वरामुळेच, देवनागरीत त्याला अक्षर नाही.

ओठ गोल न करता ऊ म्हणता येतो का?

येतो, पण तो मराठीतला ऊ राहत नाही. हसरे ओठ ठेवून ऊ म्हणून बघा, एक दबलेला, मधलाच स्वर येतो. कोरियन, व्हिएतनामी, तुर्की या भाषांत असा स्वर रोजचा आहे. तुर्कीत तर गंमत अशी की शब्दात ओठ गोल झाले की प्रत्ययालाही गोल व्हावं लागतं. एव म्हणजे घर, एविम म्हणजे माझं घर, पण कोल म्हणजे बाहू आणि माझा बाहू म्हणजे कोलुम. प्रत्यय तोच, फक्त मागच्या स्वराचे ओठ पुढे चालत येतात.

आणि अगदी जवळचं उदाहरण बंगाली. त्यांच्याकडे आपल्या साध्या अ च्या जागी बहुतेकदा गोल ओठांचा ऑ किंवा ओ असतो, जल चं जॉल, रसगुल्ला चं रॉशोगोल्ला. त्यांचं तोंड गोल गोल वाटतं असं लोक म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

आजीला कमी ऐकू येतं, ती आमच्या तोंडाकडे बघते. ओठ बघून खरंच कळतं का?

काही कळतं, सगळं नाही. आ, ई, ऊ हे बघून चांगले ओळखू येतात, कारण ओठ उघडे, ताणलेले आणि गोल असे तीन स्पष्ट आकार आहेत. क, ग घशाजवळ होतात, ते दिसतच नाहीत. आणि प, ब, म तिन्हीला ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे पाणी आणि बाणी नुसतं बघून वेगळं कळणं अवघड.

आपण सगळेच थोडंफार डोळ्यांनी ऐकतो. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की कानाला "बा" ऐकवलं आणि पडद्यावर तोंड "गा" म्हणताना दाखवलं तर बऱ्याच जणांना "दा" ऐकू येतं. तेव्हा आजीशी बोलताना समोर उजेडात बसा, तोंडावर हात नको, ओरडू नका, ओरडलं की ओठांचे आकार बिघडतात. माझ्या आजीशी मी असंच बोलायचे आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळची जागा आमची ठरलेली होती.

फुगे फुगवणं, स्ट्रॉने पिणं याने उच्चार सुधारतात का?

खेळ म्हणून करा, पण उच्चाराचा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका. फुगा फुगवताना ओठ जोरात आवळतात, बोलताना जोर अगदी कमी लागतो पण आकार क्षणाक्षणाला बदलावा लागतो. पोहायला शिकायचं तर पाण्यातच उतरावं लागतं. गोल ओठांचे शब्द बोलूनच ओठ गोल होतात.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे घ्या. मुलाचे ओठ पुढे येतच नसतील, किंवा जन्मतः ओठ दुभंगलेला होता आणि ऑपरेशन झालंय, तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, लवकर दाखवा. आणि घरातल्या कोणाचा ओठ अचानक एका बाजूला पडला, बोलणं अडखळलं, तर आरसा वगैरे बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा, एक मिनिट थांबू नका.

गाण्याच्या क्लासमध्ये आकार, म्हणजे "आ" वर सूर, लावायला सांगतात, पण मुलीचा आ ऑ सारखा येतो.

वर चढताना बऱ्याच मुलांचे ओठ नकळत गोल होतात आणि आ चा ऑ होतो. आवाज भरदार वाटतो म्हणून सवय लागते. आरसा घेऊन एक सूर धरायचा आणि ओठ सैल सोडायचे. पुढचं तिच्या गुरुजींना विचारा, गळ्याच्या बाबतीत मी मधे पडत नाही.

घरी रोज किती वेळ आणि काय करायचं?

पाच मिनिटं पुरतात, पण रोज. एका दिवशी काल-कॉल, माल-मॉल. दुसऱ्या दिवशी गौरी-गोरी, मौज-मोज. तिसऱ्या दिवशी कृष्ण, अमृत, वृक्ष. आरसा मुलाच्या हातात द्या, तुमच्या नाही, त्याचे ओठ त्याला दिसू देत. चुकलं तर "चूक" म्हणू नका, तुम्ही बरोबर म्हणा आणि पुढे चला. आणि जेवताना, पोहे खाताना, शाळेची बॅग भरताना तुम्ही स्वतः मराठी बोलत राहा, अर्धं वाक्य हिंदीत वळलं तरी परत या. माझ्या क्लासमधल्या एका सात वर्षांच्या मुलाने परवा रिक्षावाल्या काकांना "इंदोर में सबसे अच्छे पोहे कहाँ मिलते हैं" असं विचारलं आणि लगेच आईकडे वळून म्हणाला, "आई, इंदुरात मला जिलबी पण हवी." दोन्ही वेळा त्याचे ओठ मी बघत होते.